कॅमेऱ्यातला अंगारा

मामांच्या घराला तीन खोल्या होत्या आणि मधल्या खोलीत भर दुपारीही रात्र असायची. पुढची खोली स्टुडिओची. तिथे रंगवलेला पडदा, पडद्यावर तळं, तळ्यात दोन बदकं आणि पुढ्यात एक लाकडी खुर्ची. नगरातल्या कितीतरी उपवर मुली त्या खुर्चीत बसून, मान जराशी कलती करून, कधी न पाहिलेल्या मुलासाठी हसल्या. मागची खोली स्वयंपाकाची, म्हणजे मामींची. मधल्या खोलीत मामा फोटो धुवायचे. तिला खिडकी नव्हती, दाराच्या फटींवर काळं कापड ठोकलेलं होतं आणि आत एक तांबडा दिवा. मामी तिला अंधारकोठडी म्हणत. स्वयंपाकघरातून पुढे यायला त्या कोठडीतूनच वाट होती, त्यामुळे आत काम चालू असलं की मामी मागे अडकून पडत आणि दाराआडून ओरडत, "झालं का हो तुमचं? दूध नासलं तर मला बोलायचं नाही!" दुधाचा आणि त्या दाराचा काय संबंध, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारी विणकरांची घरं होती. सकाळपासून त्यांच्या मागांची खटक-खटक सुरू व्हायची ती दिवेलागणीला थांबायची, आणि थांबली की कान सुन्न व्हायचे.

कॉलेजसाठी मी तिथे राहायला आले तेव्हा सतरा-अठराची होते. आमचं गाव मिरजगावच्या पलीकडचं, आणि साल दुष्काळाचं. विहिरींनी तळ गाठलेला, आई आणि अण्णा खडी फोडायच्या सरकारी कामावर जात होते. मला शिकायला धाडलं त्यात घरातलं एक तोंड कमी होण्याचाही हिशेब होता. तसं कुणी बोललं नाही, पण कळत होतं. एस.टी.त बसवताना अण्णा म्हणाले होते, "मामाचं काम चाललंय तवर शीक. त्याचं बसलं तर माघारी ये, मग तुझं बघून टाकू." बघून टाकू म्हणजे काय ते सांगायला नको. आमच्या आळीतल्या माझ्या बरोबरीच्या चौघींचं तोवर बघून टाकलेलं होतं.

मी मुळातच भित्री. एस.टी. चुकेल म्हणून भ्यायची आणि मिळाली की उलटेल म्हणून भ्यायची. आईला हे माहीत होतं, म्हणून तिनं गावच्या देवीचा अंगारा पुडीत बांधून दिला होता. परीक्षेच्या दिवशी मी त्यातली चिमूट कपाळाला लावायची आणि थोडी पेनाच्या टोकाला. त्यापायी पेन दोनदा तुंबलं, तरी लावायची. घरात रेशनच्या तांबड्या मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, भाकरी असे. ती तव्यावरच फुटायची आणि घशाखाली उतरता उतरत नसे. रविवारी मात्र मामी शिपी आमटी करत, माझ्या आईकडून शिकलेली. मूठमूठ डाळी, भाजलेला मसाला, पाणी भरपूर आणि जाळ त्याहून भरपूर. मामा ती वाटीनं पीत, नाक पुसत आणि म्हणत, "हिच्यापुढं मिलोबी गप उतरती खाली." त्या वेळी मामींच्या चेहऱ्यावर जे यायचं त्याचा फोटो कुणी काढला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मामा बोलायला मऊ आणि कामाला करडे होते. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला जुंपलं. "शाले, काचेवर बघ जरा. डोळ्यातली बाहुली चोख दिसली पायजे." मोठ्या लाकडी कॅमेऱ्याच्या मागे काच होती, तिच्यावर समोरचं माणूस उलटं दिसायचं, डोकं खाली आणि पाय वर. मी काळ्या कापडात शिरून फोकस लावायची आणि मामा बाहेर उभे राहून गिऱ्हाइकाला हसवायचे. मामा मला धंदा शिकवतायत असंच मी समजत होते. कॉलेजातल्या मैत्रिणींपुढे मी तोऱ्यात सांगायची की नगरातल्या नवऱ्या मुलींचे नाक-डोळे मी ठरवते.

परवा माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. वीस मिनिटंही लागली नाहीत. बाहेर येऊन चहा प्याले. डॉक्टर म्हणाले, "आजी, अजिबात घाबरला नाहीत तुम्ही." मी त्यांना काय सांगणार? माझ्या वाट्याची या एका गोष्टीची भीती मी पन्नास वर्षांपूर्वीच भिऊन घेतली होती.

दसऱ्याच्या आधी एका साखर कारखान्याचं पत्र आलं. मामांनी ते माझ्या हातात दिलं. "वाच मोठ्यानं, मामीलाबी ऐकू जाऊ दे." साखर कारखान्यांच्या नोकरवर्गाच्या बॅडमिंटनच्या स्पर्धा व्हायच्या होत्या. त्या साली ऊसच नव्हता, हंगाम लांबला होता आणि साखरेचं मोठं गोदाम रिकामं पडलं होतं, तेव्हा सामने गोदामातच होणार होते. फोटो चांगले आले तर पुढे कारखान्याच्या संघाबरोबर आणखी चार कारखान्यांवर फिरायचं आणि वर्षभराचं सगळं कामही आमच्याकडेच. शेवटी एक अट होती : फ्लॅश चालणार नाही. मागच्या साली कुणा फोटोवाल्यानं ऐन डावात फ्लॅश उडवला, खेळणारा दिपला आणि पाय मुरगळून पडला होता. मामींना आनंद झाला. दुष्काळात लग्नं घटली होती, खुर्चीसमोरची बदकं आठ-आठ दिवस एकटीच असायची. मामांनी मात्र पत्राची बारीक घडी केली. मग म्हणाले, "आपल्या जुन्या डब्यावर गोदामात कायबी उठनार न्हाई. दुसरा बघाया पायजे."

भिंगारच्या वाटेवर चाचांचं दुकान होतं. छावणीतल्या साहेबलोकांच्या बदल्या झाल्या की ते जड सामान विकून जात आणि ते चाचांकडे येई. खुर्च्या, ग्रामोफोन, बंदुकीच्या पेट्या आणि कॅमेरे. चाचांनी फडकं झटकून दोन कॅमेरे काउंटरवर ठेवले. एक ठोकळ्यासारखा, दोन भिंगांचा, वरून वाकून बघायचा. त्याच्या काचेवर चित्र चांगलं तळहाताएवढं दिसे. दुसरा ओंजळीत मावेल असा छोटा, डोळ्याला लावायचा, त्याचं भिंग मात्र टपोरं.

"मास्तर, दोन्ही पीस एक नंबर," चाचा म्हणाले. "पण काम काय ते सांगा. लग्नाला मोठा घ्या. हिंडायचंय, एस.टी.त हाणामारी करायचीय, तर हा छोटा. याचं भिंग बघा ना, मांजराच्या डोळ्यासारखं. अंधारातलं पन उचलतं."

मी मामांकडे बघत होते. त्यांनी आधी मोठा घेतला, त्याच्या काचेवर वाकले, फार वेळ वाकले. मग तो खाली ठेवून छोटा उचलला. चाचांनी सांगितलं, आतल्या पिवळ्या चौकोनात एका वस्तूच्या दोन वस्तू दिसतील, भिंगावरचं कडं फिरवून त्या एकावर एक आणायच्या, की झाला फोकस. मामांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानाच्या पाटीकडे धरला. कडं थोडं फिरवलं. "वा! आली की एकावर एक. लख्ख दिसतंय."

मी त्यांच्या शेजारीच उभी होते. कड्यावरची खूण तीन फुटांच्या आकड्यावर होती. पाटी रस्त्याच्या पल्याड, चांगली पन्नास फुटांवर.

त्या एका क्षणात मागचे सगळे महिने माझ्यापुढे उलटे उभे राहिले, लाकडी कॅमेऱ्यातल्या माणसांसारखे. ते मला शिकवत नव्हते. त्यांना दिसत नव्हतं. पत्र मला वाचायला दिलं ते मामींना ऐकू जावं म्हणून नव्हे. नगरात ही गोष्ट फुटली तर स्टुडिओ संपला. डोळे गेलेल्या फोटोवाल्याकडे कोण येणार? आणि स्टुडिओ संपला की माघारी ये, मग बघून टाकू. चाचा मामांच्या हाताकडेच बघत होते. मी म्हटलं, "मामा, मला बगू द्या की," आणि कॅमेरा घेता घेता अंगठ्यानं कडं सरकवून टाकलं. मामांनी माझ्याकडे तोंड केलं. मग चाचांना म्हणाले, "छोटाच द्या." मला तेव्हा वाटलं, हा माणूस चुकला, याला मोठ्यातलं निदान धूसर तरी दिसलं असतं. छोटा घेणं म्हणजे फोटो मी काढायचे, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं होतं, हे समजायला मला आणखी आठवडा लागला.

तो आठवडा मी कसा काढला ते देवाला माहीत. घास गिळवत नव्हता आणि मिलोवर खापर फोडायची सोय होती. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडली. मामींची विळी, शिवणाचं मशीन, मामांच्या कात्र्या, लाकडी कॅमेरा आणि हा नवा. मामींनी हळदकुंकवाचं बोट पुढे केलं तसे मामा म्हणाले, "भिंगाला न्हाई हां. वरच्या कातड्याला लाव." मामींनी कातडी खोळीला कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, झालं. कुणी काही चुकलं नाही. चुकले मी. दुपारी घर निजलेलं असताना मी कॅमेऱ्याचं पाठीमागचं झाकण उघडलं. आत काळ्या कापडाचा पडदा होता, तोच सरकतो आणि फोटो उठतो. एवढ्याशा कापडावर आम्ही तिघं जगणार होतो. मी आईची पुडी सोडली आणि अंगाऱ्याची चिमूट आतल्या कोपऱ्यात सोडली. वर बोटानं दाबून बसवली. देवी बाहेर राहण्यापेक्षा आतच बसलेली बरी, असा माझा हिशेब. मग रोळ भरला आणि झाकण लावलं.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही पहिल्या एस.टी.नं निघालो. कॅमेरा माझ्या मांडीवर, त्यावर माझे दोन्ही हात. रस्ता उखडलेला, गाडी प्रत्येक खड्ड्यात आदळायची आणि मी देवीला म्हणायची, घट्ट धरून बस. कारखान्याच्या धुराड्यातून धूर नव्हता. उसाच्या गाड्यांनी गजबजायचं ते आवार झाडलेल्या अंगणासारखं मोकळं होतं. गोदाम मात्र प्रचंड. पत्र्याचं छप्पर, वर पारव्यांची घुटुरघू, आठ-दहा पिवळे दिवे टांगलेले आणि जमिनीवर चुन्यानं आखलेलं मैदान. मळीचा आंबूस-गोड वास भिंतींतच मुरलेला. जमीन गरम पाण्यानं चारदा धुतली म्हणे, तरी वर्षानुवर्षांची साखर कुठं निघते? चालताना पाऊल चिकटायचं आणि उचलताना चट्ट वाजायचं.

स्पर्धेचे सेक्रेटरी देशमुख साहेब म्हणून होते, कारखान्याचेच अधिकारी. त्यांनी माझ्या हातातला कॅमेरा बघितला आणि भुवई चढवली. "फोटो तुम्ही काढणार, का ही मुलगी?"

मामा हसले. "हात तिचा, नजर माजी, साहेब."

साहेबांनी एक कागद पुढे केला, इथं सही करा. मामांचं पेन कागदावर उतरलं ते रेघ सोडून दोन बोटं खाली. मी पटकन रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मामा, हितं शाई सांडली हाय, जरा वरती करा." शाई कुठेच सांडलेली नव्हती. साहेब दुसरीकडे बघत होते म्हणून, नाहीतर आम्ही दोघं तिथेच संपलो असतो.

सकाळचे सामने सुरू झाले. पहिले दहा-बारा फोटो बरे गेले. बटण दाबलं की कॅमेऱ्यातून कसा खट् असा कोरडा आवाज यायचा. मग एकदा तो आवाज लांबला. ख...ट्. मला वाटलं भास. पुढचा फोटो, पुन्हा तसंच. आत कुणीतरी पाय ओढत चाललंय असा. काय झालंय ते मला कळलं होतं, कारण तुंबलेलं पेन मला आठवलं. एस.टी.च्या खड्ड्यांत देवी कोपऱ्यात बसून राहिली नव्हती, पडद्यात शिरली होती. मी रोळ संपेपर्यंत बटण दाबत राहिले. थांबले असते तर कुणीतरी विचारलं असतं. मामा शेजारी मान तिरकी करून उभे होते. तेही ऐकत असतील हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

दुपारी कँटीनमध्ये जेवण होतं. पांढरा भात, पुरी, जिलेबी. किती महिन्यांनी तांदूळ दिसत होता आणि माझ्याच्यानं एक शीत गिळवेना. मामांनी माझ्या ताटातली जिलेबी कागदात बांधून खिशात टाकली, मामींसाठी. मग म्हणाले, "चल, जरा बाहिर." उसाच्या गाड्या मोजायच्या काट्याची एक शेड होती, त्या दिवसांत तिथे चिटपाखरू नव्हतं. मामा काट्याच्या लोखंडी पत्र्यावर बसले आणि हात पुढे केला. मी रोळ गुंडाळून काढला आणि कॅमेरा दिला. त्यांनी तो कानाशी धरून बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

"पडदा अडकतुया. काय गेलंय आत?"

मी रडायला लागले. "अंगारा."

"अंगारा? कुनी घातला?"

"मी."

"कशापायी गं?"

भीती हाताबाहेर गेली की माणूस खरं बोलतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हणाले, "मामा, तुमाला दिसत न्हाई म्हनून."

मामांनी कॅमेरा मांडीवर ठेवला. धुराड्याच्या टोकावर एक घार बसली होती, मी तिच्याकडे बघत राहिले. आता मामा मारतील, किंवा सांगतील की उद्याच्या गाडीनं गावाकडं जा, असं मला वाटत होतं. ते म्हणाले, "चाचाच्या दुकानात तू कडं फिरवलंस, तवाच मी वळखलं. तुला कळलंय म्हनून." थोड्या वेळानं म्हणाले, "आमच्या बापाला मोतीबिंदू हुता. दारावर एक वैदू आला, म्हनला सुईनं काडतो. काडला. आठ दिसांत दोनी डोळं गेलं. मी त्येचा हात धरून हिंडलोय दहा वर्सं. दवाखान्यात चांगलं करत्यात म्हनं आता. पन मला लई भ्या वाटतं, शाले. मामीलाबी सांगितलं न्हाई."

मोठ्या माणसाच्या तोंडून, तेही पुरुषाच्या, मला भ्या वाटतं असं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. ऐकून धीर आला असं लिहिलं तर खोटं होईल. उलट माझी भीती दुप्पट झाली. पण आता ती लपवायला नको होती आणि त्यामुळे हात जरा मोकळे झाले.

"जा," मामा म्हणाले, "गोदामातनं एक फुटकं शटल घिऊन ये. त्येचं पीस मऊ असतं." मी धावत जाऊन मैदानाच्या कडेला पडलेलं, पिसं मोडलेलं शटल आणलं. मामांनी त्यातलं एक पीस उपटलं, झाकण उघडलं आणि डोळे मिटून घेतले. नाहीतरी उघडे ठेवून काय उपयोग होता? पडद्याच्या वरच्या-खालच्या खाचांतून त्यांनी ते पीस, एखादी आई तान्ह्या पोराच्या कानातलं तेल पुसते, तसं फिरवलं. फुंकर मारली नाही, फुंकरीत ओल असते. एक पीस झालं की दुसरं. मधूनमधून बटण दाबून ऐकायचे. ख...ट्. पुन्हा पीस. ख.ट्. पुन्हा पीस. किती वेळ गेला कोण जाणे, गोदामातून अंतिम सामन्याची शिट्टी ऐकू आली आणि नेमका तेव्हाच कॅमेरा म्हणाला, खट्. मामांनी पाच वेळा दाबून बघितलं. खट्, खट्, खट्, खट्, खट्. पिसाला लागलेली राख त्यांनी बोटावर घेतली, आधी माझ्या कपाळाला लावली आणि मग स्वतःच्या. "देवीला हितंच राहू दे," म्हणाले.

नवा रोळ भरून मैदानाशी आलो, अंतिम सामना सुरू झाला आणि भीतीनं पिवळ्या चौकोनात मला एकाच्या चार वस्तू दिसायला लागल्या. शटल दिसायच्या आत निघून जायचं. मी बटण दाबायची तोवर गडी खाली उतरलेला असायचा. मामा माझ्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. "फोकस लाव आन कडं सोडून दे. बटनावर बोट ठिव. शटलकडं बगू नगंस. मी सांगंन तवा दाब." आणि त्यांनी मान खाली घातली. खेळ चालला होता. बूट चिकटायचे, सुटायचे, चट्, चट्, चट्. मग एकदम मोठा आवाज झाला, दोन्ही पाय एकदम उचलल्याचा, चट्ट, आणि मामा म्हणाले, "आत्ता!" मी दाबलं. कॅमेऱ्याच्या खिडकीतून मला तो गडी हवेत दिसला. उडी घ्यायच्या आधी साखर सोडवावी लागते, आणि ती सुटताना वाजते. डोळ्यांना कळायच्या आत मामांच्या कानाला ते कळत होतं. "आत्ता!" पुन्हा. "थांब... थांब... आत्ता!" देशमुख साहेब मागे येऊन उभे राहिले. "हे काय पुटपुटताय तुम्ही?" मामा मान न वळवता म्हणाले, "साहेब, नजर माजी हाय ना. ती सांगाया लागती." साहेब हसले आणि गेले. अख्खा रोळ मी तसा घेतला, एकदाही शटलकडे न बघता. खरं सांगायचं तर एकदाही पुरता श्वास न घेता.

दुसऱ्या दिवशी दुपारी रोळ धुवायचा होता आणि घरात वापरायचं पाणी नव्हतं. टँकर दोन दिवस आला नव्हता. मामींनी माठाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पिण्याच्या पाण्याचा अख्खा हंडा उचलून कोठडीत आणून ठेवला. कुरकुर नाही, दुधाचं नाव नाही. मग आपल्या बाजूचं दार लावून त्या मागे अडकून बसल्या. सकाळचा रोळ गेला होता. सुरुवातीचे दहा-बारा सोडले तर प्रत्येक फोटोचा अर्धा भाग कोरा, पडदा जिथे अडला तिथवर चित्र आणि पुढे काही नाही. दुपारच्या रोळात मला माणसं दिसली. छोटी, काळ्याची पांढरी झालेली, पण पुरी. त्यातला एक मी मोठा करून कागदावर घेतला. कोपऱ्यात चार-पाच काळे ठिपके उठले. मामांच्या पिसाला चुकवून राहिलेले अंगाऱ्याचे कण ते. पुढे देशमुख साहेबांनी त्यावर बोट ठेवून विचारलं तेव्हा मामांनी सरळ सांगितलं, "चिलटं, साहेब. साखरेचं गोदाम हाय ना." साहेबांना ते पटलं, आणि पुढचे चार कारखाने आणि ते सबंध वर्ष आम्हाला मिळालं. दिवाळीनंतर मामी मामांना दवाखान्यात घेऊन गेल्या, हात धरून. मोतीबिंदू काढला, जाड भिंगांचा चष्मा लागला. मी कॉलेज पुरं केलं आणि माझं कुणी बघून टाकलं नाही, माझं मी बघितलं. हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी कोठडीत तांबड्या उजेडात आम्ही दोघं औषधाच्या पाण्याच्या ताटावर वाकलो होतो. कागदावर हळूहळू करडं काही उगवत होतं. मामांनी दोन बोटांनी कागद उचलला आणि नेहमीसारखा डोळ्यांजवळ धरला. पाणी त्यांच्या कोपरावरून ओघळत होतं. आता म्हणतील, वा, लख्ख आलाय. मी त्या शब्दांची वाट बघत होते आणि मला त्यांची भीती वाटत होती. मामांनी कागद परत पाण्यात सोडला.

"मला कायबी दिसत न्हाई, शाले," ते म्हणाले. आवाज बारीक केला नव्हता. "काय आलंय ते तू सांग."

दाराआड मामी होत्या. इतके दिवस झाकलेली मूठ मामांनी मामींसमोर उघडली होती. शेजारचे माग त्या दिवशी नेमके बंद होते. दारापलीकडे बांगड्या वाजल्या, मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग मामींचा आवाज, भरून आलेला, पण नेहमीच्याच जोरात :

"मोठ्यानं सांग गं शालन. मलाही ऐकू येऊ दे."

मी ताटावर वाकले आणि सांगायला लागले, "एक गडी हाय, मामा. हात वर ताणलेला हाय. शटल पार त्येच्या रॅकेटीपाशी आलंय. आन त्येचे दोनी पाय जमिनीवर न्हाईत..."